शोध आणि निवाडा : ‘मिस पिम डिस्पोजेस’ या कादंबरीच्या निमित्ताने

रहस्यकथेकडे आपल्या समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. कै. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि असंख्य मराठी वाचकांना वाचनाची गोडी लावली; तथापि त्यांच्या लेखनाचा विचार बहुधा संख्येच्या अंगाने झाला, गुणदोषांच्या अंगाने क्वचितच. या उपेक्षेच्या मुळाशी एक आक्षेप आहे. रहस्यकथा ही ‘अपराधी कोण’ एवढ्याच कुतूहलावर चालते आणि ते कुतूहल शमले की तिच्यात वाचनीय असे काही उरत नाही, हा तो आक्षेप होय. बहुसंख्य रहस्यकथांपुरता तो खोटा नाही. परंतु काही थोड्या कथा अशा असतात की अपराधी सापडल्यावरच त्यांचा खरा प्रश्न सुरू होतो. जोसेफीन टे या लेखिकेची १९४६ साली प्रसिद्ध झालेली ‘मिस पिम डिस्पोजेस’ ही कादंबरी आम्ही त्या थोड्यांत गणतो. तिची चर्चा अपराध्याचे नाव सांगितल्यावाचून होणे शक्य नाही. म्हणून ज्या वाचकांस ती कादंबरी आधी वाचावयाची असेल, त्यांनी हा लेख तूर्त बाजूस ठेवावा, हे बरे.

शिक्षकाला हौशी शोधकाच्या भूमिकेत उभे करण्याची कल्पना टेबाईंची नव्हे. अमेरिकेत स्टुअर्ट पामर याने १९३१ साली ‘द पेंग्विन पूल मर्डर’ या कादंबरीत हिल्डेगार्ड विदर्स ही न्यूयॉर्कची शाळामास्तरीण निर्माण केली. विद्यार्थ्यांना घेऊन ती मत्स्यालय पाहावयास जाते आणि तेथील पेंग्विन पक्ष्यांच्या कुंडात प्रेत आढळते. पुढे पोलिस अधिकारी पायपर यास ती वर्गातील मंद विद्यार्थ्याप्रमाणे वागवते, त्याच्या तर्कातील चुका दाखवते, आणि शेवटी उत्तर बरोबर काढून देते. कथा गमतीची आहे. परंतु विदर्सबाईंचे शिक्षकपण तेथे स्वभावाच्या लकबीपुरतेच राहते. त्यांच्या जागी एखादी परिचारिका अथवा ग्रंथपाल असती तरी कथानकास फारशी बाधा आली नसती.

वस्तुतः शिक्षकाच्या शोधाची रीत पोलिसांहून मुळातच भिन्न असते. पोलिस बाहेरून येतो. त्याला सारेच अनोळखी, म्हणून सारेच सारखे. शिक्षक आतला असतो. शापोरा नदीच्या काठी वसलेल्या आमच्या हळर्णसारख्या गावी ज्याने वीस-पंचवीस वर्षे शाळा चालविली आहे, त्याला मुलाचे अक्षर ओळखावयास सही लागत नाही आणि पावलांच्या आवाजावरून व्हरांड्यात कोण आले ते कळते. कोणाच्या पोटदुखीत पोट किती आणि गृहपाठ किती, हेही तो जाणतो. बापालाही त्यानेच शिकविलेले असते, आणि मुलाची सबब ऐकताना बापाची जुनी सबब त्यास आठवते. अशा माणसाच्या हाती शोधाचे काम आले तर शोध सोपा होणार, हे उघड आहे. प्रश्न असा की, ‘मी या मुलांना ओळखतो’ हे त्याचे वाक्य पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे? टेबाईंची कादंबरी नेमक्या या प्रश्नावर उभी आहे.

जोसेफीन टे हे टोपणनाव. लेखिकेचे खरे नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश. त्या स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसच्या. जन्म १८९६, मृत्यू १९५२. तरुणपणी शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात शिकून काही वर्षे त्यांनी तो विषय शाळांतून शिकविला होता. त्यामुळे कादंबरीतील ‘लेज’ हे मुलींचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय अनुभवातून उतरले आहे. पहाटेची घंटा, परीक्षेच्या आदल्या दिवसांतील घालमेल, सत्राच्या शेवटी ‘कोणास कोठे नेमणूक मिळणार’ याची कुजबुज, हे सारे ज्याने शाळेत आयुष्य काढले आहे त्यास तंतोतंत पटते. खून घडावयास कादंबरीचा बराच मोठा भाग उलटून जावा लागतो. काही वाचकांना हा संथपणा वाटेल. आम्हांस तो गुण वाटतो. कारण तोवर आपण त्या मुलींना ओळखू लागलेलो असतो, निदान तसे आपणास वाटू लागलेले असते.

ल्यूसी पिम ही पूर्वाश्रमीची फ्रेंच शिकविणारी शिक्षिका. लहानसा वारसा मिळाल्यावर तिने नोकरी सोडली, मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले, आणि ते अनपेक्षितपणे गाजले. लेजच्या प्राचार्या हेन्रिएटा हॉज या तिच्या जुन्या मैत्रीण. त्यांच्या आमंत्रणावरून ती व्याख्यान द्यावयास येते आणि मुलींच्या लोभाने काही दिवस राहते. परीक्षेच्या वेळी देखरेख करीत असता राउस नावाची मुलगी नक्कल करीत असावी असा तिला संशय येतो. पुढे आवारात बारीक अक्षरांची एक चिमुकली वही तिला सापडते. ती वही ती कोणाच्याही हाती न देता नाहीशी करते. मुलीचे नुकसान कशाला, हा तिचा विचार. आपल्यापैकी कितीतरी शिक्षकांनी असाच विचार केला असता.

परंतु लवकरच एका नामांकित शाळेतील मानाची जागा रिकामी होते. सर्वांच्या मते ती मेरी इनीस या हुशार व शालीन मुलीची. प्राचार्या मात्र राउसची शिफारस करतात. स्वतःच्या कष्टाळू, अनाकर्षक तरुणपणाचे प्रतिबिंब त्यांना राउसमध्ये दिसते, आणि सहकाऱ्यांच्या सांगण्याने त्यांचे मन वळत नाही. मिस पिमजवळ त्या वेळी दाखवावयास काहीच उरलेले नसते. थोड्याच दिवसांनी व्यायामशाळेत पहाटे एकटीच सराव करणाऱ्या राउसच्या डोक्यात आडवा जड दांडा कोसळतो आणि तीत तिचा अंत होतो. सारे जण हा अपघात मानतात. मिस पिमला मात्र त्या सकाळी तेथे बुटावरील एक लहानसे शोभेचे फूल सापडलेले असते.

ते फूल इनीसच्या बुटाचे, असा ती निष्कर्ष काढते. त्या काळी इंग्लंडात खुनास फाशी होती. ती शिक्षा ग्रेट ब्रिटनमध्ये १९६५ साली स्थगित व १९६९ साली कायमची रद्द झाली. सत्य सांगावे तर एका तरुण मुलीस वधस्तंभाकडे धाडावे लागणार. मिस पिम इनीसला एकांतात गाठते. इनीस आरोप नाकारीत नाही. उज्ज्वल भवितव्य सोडून आपल्या लहान गावी सेवेत आयुष्य घालवीन, असे प्रायश्चित्त ती आपण होऊन स्वीकारते. मिस पिम गप्प राहते. आणि निघण्याच्या वेळी तिला कळते की ते बूट इनीसचे नव्हतेच. ते तिच्या जिवलग, श्रीमंत मैत्रिणीचे, बो नॅशचे होते. जिने खून केला ती हसतमुखाने जगात निघून गेली, आणि जिने केला नाही तिने मैत्रिणीसाठी शिक्षा पत्करली.

कादंबरीच्या नावातील उपरोध येथे उलगडतो. मनुष्य योजतो, ईश्वर घडवितो, अशा अर्थाची इंग्रजीत म्हण आहे. तीतील ईश्वराच्या जागी लेखिकेने मिस पिमला बसविले आहे. चेहरे वाचता येतात असा तिचा अभिमान आहे. इनीसच्या करारी भुवया पाहून तिने इनीसचे सारे अंतरंग जाणले, असे तिला वाटते. नॅशच्या प्रसन्न चेहऱ्यामागे काय आहे, हे मात्र तिला दिसत नाही. मिस पिम दयाळूपणाने वागली, म्हणून तिचा दोष सौम्य मानावा, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. चौकशीवाचून शिक्षा करणे हा जसा अन्याय, तशीच चौकशीवाचून क्षमा करणे हीही अन्यायाचीच एक जात. कारण दोहोंत आरोप आधी गृहीत धरलेला असतो. वहीच्या बाबतीत तिने क्षमा केली, तीतून नेमणुकीचा अनर्थ ओढवला. फुलाच्या बाबतीत क्षमा केली, तीत निरपराध मुलगी होरपळली. शोध बिनचूक होता असे क्षणभर धरले, तरी निवाड्याचा अधिकार तिला कोणी दिला होता? मुलांवर माया असणारा शिक्षक हा अधिकार नकळत आपणाकडे घेतो, आणि मायेने घेतला म्हणून तो अधिक धोक्याचा होतो.

कादंबरीची थोरवी मान्य करूनही तिच्यातील एक उणीव सांगितली पाहिजे. मेलेल्या मुलीसाठी या कथेत कोणी फारसे रडत नाही. राउस दिसावयास साधी, स्वभावाने अप्रिय, परीक्षेत लबाडी करणारी. म्हणून मिस पिमच्या तराजूत इनीसचे भविष्य जड होते आणि राउसचे संपलेले आयुष्य हलके. येथे नायिकेची दृष्टी आणि लेखिकेची दृष्टी यांत अंतर राहिले आहे काय? आमच्या मते ते पुरेसे राहिलेले नाही. प्रत्येक वर्गात असे एखादे नावडते मूल असते. ते खोटे बोलते, चहाड्या करते, आणि तरीही त्याचे नाव हजेरीपटावर इतरांच्याच शाईने लिहिलेले असते. राउसला एक प्राचार्या तेवढ्या आपली मानतात, आणि त्यांचेच ते प्रेम पक्षपाताच्या रूपाने तिच्या मृत्यूस निमित्त होते, ही या कथेतील सर्वांत करुण गोष्ट आहे. पण लेखिका तिच्यापाशी थांबत नाही.

मराठीत अशी कादंबरी आमच्या पाहण्यात नाही, आणि याचे कारण आपल्या रहस्यकथेच्या घडणीत आहे. अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड हे रात्रीचे वीर. त्यांचे प्रतिस्पर्धीही बहुधा अट्टल गुन्हेगार. कै. भा. रा. भागवतांनी शाळेचे जग रहस्यकथेत आणले आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा अविस्मरणीय विद्यार्थी दिला. पण त्याची धाव शाळेच्या फाटकाबाहेर, चोरांच्या मागे. शेजारच्या बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश आणि सत्यजित राय यांचा फेलूदा हे दोघेही गणिताच्या शाळामास्तरांचे पुत्र. परंतु ते पिते कथेपूर्वीच दिवंगत झालेले आहेत. म्हणजे तर्काचा वारसा शिक्षकाकडून आला, शिक्षक मात्र कथेत आला नाही. या सर्व कथांत अपराधी बहुधा परका असतो. शाळेत परका कोणीच नसतो. तेथे अपराधी सापडणे म्हणजे आपले मूल सापडणे. हे दुःख पेलणारी रहस्यकथा आपणांकडे लिहिली गेलेली नाही.

आमच्या पेडणे महालात अशा कथेस जागा नाही असे नाही. १७४६ साली पोर्तुगीजांनी हळर्णचा किल्ला जिंकला आणि तो जिंकणाऱ्या व्हाइसरॉयास या गावाच्याच नावाने ‘मार्केस’ ही पदवी मिळाली. एखादा रहस्यकथाकार येथे आला तर तो त्या पडक्या तटात भुयार आणि पुरलेले धन शोधू लागेल, अशी आम्हांस भीती वाटते. त्याने त्याऐवजी शाळेत यावे. प्रगतिपुस्तकावरील बापाची सही कोणी केली, सहलीच्या वर्गणीतील पैसे कोठे गेले, असल्या क्षुल्लक गोष्टींत संशय, पुरावा, पक्षपात आणि क्षमा ही सारी सामग्री त्यास मिळेल. आणि ज्याच्यावर संशय आहे ते मूल उद्या सकाळी पुन्हा समोरच्या बाकावर येऊन बसणार आहे, हा पोलिसकथेत कधी न येणारा पेचही मिळेल. टेबाईंच्या कादंबरीने हा पेच मांडून दाखविला. ती वाचून शिक्षकाने दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताना आपल्या ‘ओळखी’वर थोडा कमी भरवसा ठेवला, तर रहस्यकथेला केवळ करमणूक म्हणणाऱ्यांना आणखी उत्तर देण्याची गरज नाही.