ठिपके आणि मींड

डिजिटल ध्वनिमुद्रणात मींड मरते, असे डोंबिवलीतले आमचे एक रसिक स्नेही वारंवार म्हणत. आवाजाचे तुकडे पाडायचे आणि त्यांतून पुन्हा गाणे उभे करायचे. दोन तुकड्यांमधला स्वर गेला तो गेलाच, असा त्यांचा युक्तिवाद. हा आक्षेप बैठकींतून इतक्यांदा कानी येतो, की त्याची एकदा परीक्षा व्हायला हवी.

आवाजाच्या लहरीची उंची सेकंदातून किती वेळा मोजायची, तो आकडा म्हणजे सॅम्पल रेट. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी तो ४४,१०० ठरला. चित्रपट-व्हिडिओच्या कामात ४८,००० चालतो. आता अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही विचारा: ठिपके तेच, पण जोडायच्या तऱ्हा अनेक. स्नेह्यांची भीती नेमकी हीच. परंतु नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या गणिताचा निर्वाळा निराळा आहे. मोजणीच्या निम्म्याहून अधिक कंपने लहरीत नसतील, तर त्या ठिपक्यांतून जाणारी रेषा एकच. दुसरी संभवत नाही. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. तेव्हा मींड पायऱ्यापायऱ्यांनी उतरत नाही, अखंडच परत येते. अट मात्र कडक आहे: निम्म्यावरचे सूर आधी गाळले नाहीत, तर ते खालचे खोटे सूर होऊन मुद्रणात शिरतात. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते ना, तसला प्रकार.

स्नेह्यांचा राग मात्र पुस्तकी नव्हता. त्यांचे वडील कल्याणला भजनी मंडळात गात. मागे राहिली ती अर्ध्या तासाची एक कॅसेट. एका दुकानातून ती संगणकावर उतरवून आणली, लावली, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाल्या, "हे काही त्यांचं गाणं नव्हे."

आम्ही पेटी काढली. वडील पांढरी एकमध्ये गात, हे घरात सर्वांना ठाऊक. हा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध लोंबकळत होता. पेटीवर त्याला पट्टीच नाही! अर्ध्या तासाचे गाणे साडेसत्तावीस मिनिटांत संपत होते. मॅट्रिकच्या गणिताला एवढे पुरे झाले. साडेसत्तावीसला तिसाने भागा किंवा ४४,१०० ला ४८,००० ने, उत्तर जवळजवळ तेच. मोजणी एका आकड्याने झाली होती आणि फाईलच्या माथ्यावर दुसराच लिहिला गेला होता. यंत्राने तो खरा मानून गाणे घाईने वाचले. सूर चढला, लय चढली, गळा बारीक झाला. ठिपक्यांची उंची बिनचूक होती. त्यांच्यातले अंतर तेवढे आखडले होते.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझे पटत नाही. ९६,००० किंवा १,९२,००० चा आकडा दिसला की यांना गाणे अधिक रसाळ वाटू लागते. ध्वनिमुद्रकाला काटछाटीच्या वेळी मोठ्या आकड्याचा काही उपयोग होतो, हे मान्य. पण मुळात जे उतरलेच नाही ते कुठून येणार? बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तीत न मावलेला विस्तार कोणत्याही आकड्याने मिळायचा नाही.

माथ्यावरचा आकडा बदलायला अर्धे मिनिट लागले. षड्ज पांढरी एकवर येऊन बसला. आई पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. अभंगाच्या मध्येच खोकल्याची एक उबळ आली, तशा हसल्या. "त्या वर्षी फार खोकला होता त्यांना," म्हणाल्या.