ग्रीक नासिका : आदर्श आणि पुरावा

विंकेलमान या जर्मन पंडितानें इ. स. १७६४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्राचीन कलेच्या इतिहासांत कपाळ व नाक जवळजवळ एकाच सरळ रेषेंत असणें हें उच्च सौंदर्याचें लक्षण ठरविलें. ग्रंथाचें महत्त्व आम्ही जाणतों. परंतु मूर्तीचें हें लक्षण ग्रीक वंशाचेंच समजण्याचा जो प्रघात पुढें पडला, तो आम्हांस मान्य नाहीं. विंकेलमान ग्रीसला कधीं गेला नव्हता. त्याच्यापुढें रोममधील मूर्ती, त्यांतहि पुष्कळशा रोमन प्रतिकृती होत्या.

खुद्द ग्रीकांची साक्ष निराळी आहे. सॉक्रेटिसाचें नाक बसकें होतें, असें प्लेटो व झेनोफन दोघेहि सांगतात. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्यें तर प्रेमी जन नकट्यास मोहक, बांकदार नाकाच्यास राजस व मधल्यास प्रमाणशीर म्हणतात, असा विनोद आहे. बाल्हीकचा यवन राजा युक्रेटायडीस याच्या नाण्यांवरील नाकहि ठळक व बांकदार आहे. नाण्यावर राजाची छबी असते, देवमूर्तींत आदर्श. दोहोंचें प्रयोजन भिन्न.

म्हणून गांधार शिल्पांतील एखाद्या मस्तकाचें नाक सरळ दिसतांच तें यवनाचें, अशी नोंद संग्राहकांनीं करूं नये. घडणीवरून कारागिराची परंपरा कळेल. वंश कळणार नाहीं.