मल्टिफेज स्विचिंग कन्व्हर्टरमधील लूप-स्थैर्याचे मापन : एक चिकित्सा

स्विचिंग कन्व्हर्टर स्थिर आहे किंवा नाही, हे सांगण्यासाठी अभियांत्रिकीच्या प्रकल्प-अहवालांत बहुधा एकच आकडा दिलेला असतो. फेज मार्जिन ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान आले की प्रश्न निकालात निघाला, असे मानले जाते. एका शाखेच्या साध्या कन्व्हर्टरपुरते हे बहुतांशी चालून जाते. मल्टिफेज कन्व्हर्टरला मात्र तीच कसोटी लावणे अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (येथे ‘फेज’ या शब्दाने गोंधळ होऊ नये. शिरूर-दौंड भागातील शेतकरी ‘थ्री फेज’ म्हणतो तेव्हा त्याला पंपाची वीज अभिप्रेत असते. फेज मार्जिनमधील फेज हा कोन होय. मल्टिफेजमधील फेज म्हणजे ठरावीक कालांतराने आळीपाळीने चालू-बंद होणारी समांतर शाखा.)

हा विषय केवळ संगणकाच्या मदरबोर्डापुरता मर्यादित नाही. दौंड जंक्शनच्या विद्युतीकृत मार्गावर धावणाऱ्या डब्ल्यूएजी-९ जातीच्या मालवाहू इंजिनातही रोहित्राला जोडलेले समांतर कन्व्हर्टर परस्परांपासून कालांतर ठेवून स्विच केले जातात. त्यामुळे तारेतून घेतल्या जाणाऱ्या प्रवाहातील हार्मोनिक घटक कमी होतात.

मापनाची प्रचलित पद्धत आर. डी. मिडलब्रुक यांच्या १९७५ च्या शोधनिबंधातून रूढ झाली. फीडबॅकच्या मार्गात लहानसा रोध घालावा, त्यावर ट्रान्सफॉर्मरद्वारे अल्प सिग्नल सोडावा आणि रोधाच्या दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजचे गुणोत्तर घ्यावे. लूप न तोडता मापन होते, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य. त्यासाठीची अट मात्र विद्यार्थी सहसा विसरतात : ज्या बिंदूवर सिग्नल सोडायचा तेथे मागील बाजूची इम्पिडन्स पुढील बाजूपेक्षा बरीच कमी असली पाहिजे. शिवाय सिग्नल निम्मा करूनही आलेख तोच राहतो का, हे पाहिल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवू नये.

मुख्य आक्षेप याहून मूलभूत आहे. चार शाखांच्या कन्व्हर्टरमधील प्रवाहांचे एक सामाईक आणि तीन आंतरशाखीय असे चार स्वतंत्र घटक पडतात. आंतरशाखीय घटकांची बेरीज शून्य असते. म्हणून शाखा समान असल्यास ते निर्गम व्होल्टेजमध्ये उमटतच नाहीत. निर्गमाच्या फीडबॅकमध्ये सिग्नल सोडणारा परीक्षक फक्त सामाईक लूप मोजतो. प्रवाहवाटपाचा लूप आंदोलित होत असला, एक शाखा तापत असली, तरी त्याच्या आलेखात ५५ अंश दिमाखाने उभे असतात. उलट, शाखांचे इंडक्टर असमान असले तर रिपल पुरती रद्द होत नाही आणि एका शाखेच्या स्विचिंग वारंवारितेचा घटक निर्गमात पुन्हा डोकावतो. तेव्हा ‘शाखा चार, म्हणून बँडविड्थ चौपट’ हा हिशेबही फसवा ठरतो.

दुसरी त्रुटी पुरवठ्याची. नियंत्रित कन्व्हर्टर स्थिर शक्ती ओढतो. व्होल्टेज उतरले की प्रवाह वाढतो, म्हणजे कमी वारंवारितेला त्याचा आगम रोध ऋण भासतो. प्रयोगशाळेतील भक्कम पुरवठ्यावर तो स्थिर दिसेल; लांब फीडरच्या टोकाला तसा दिसेलच असे नाही. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये आगम फिल्टरच्या संदर्भात हा धोका दाखविला होता. स्वित्झर्लंडच्या रेल्वेत १९९५ साली आधुनिक कन्व्हर्टर-इंजिने बंद पडली, तीही इंजिने आणि तारजाळे यांच्या परस्परक्रियेमुळे. सुटे इंजिन तपासून हा दोष सापडला नसता.

आपल्या महाविद्यालयांतून पदवी घेणारे विद्यार्थी रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कामाला लागतात. तेथे एका आकड्याच्या आधारे ‘उत्तीर्ण’ ठरलेले यंत्र त्यांच्याच हातून पुढे जाते. महागडा ॲनालायझर नाही ही सबब येथे पुरेशी नाही. काही किलोहर्ट्झपर्यंतच्या मापनासाठी सिग्नल जनरेटर, योग्य ट्रान्सफॉर्मर आणि दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप चालतो. एका शाखेच्या प्रवाह-संदर्भात सिग्नल सोडून उरलेल्या शाखांचे प्रवाह पाहावेत आणि हीच चाचणी पुरवठ्याच्या मार्गात मुद्दाम इंडक्टर घालून पुन्हा करावी. अहवालात फेज मार्जिनसोबत हे दोन आलेखही मागितले जावेत.