व्हिडिओ गेमचे वयोगट-मानांकन : अमेरिकेतील ईएसआरबी व्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

व्हिडिओ गेमच्या वेष्टनावर छापलेले एक अक्षर पालकाला त्या खेळाविषयी नेमके काय सांगते, हा प्रश्न वरकरणी लहान वाटतो. परंतु पालकाचा निर्णय बहुधा त्या अक्षरावरच अवलंबून असल्यामुळे त्याची तपासणी आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड, अर्थात ईएसआरबी, या मंडळाच्या मानांकन व्यवस्थेची चिकित्सा केली आहे. खेळात काय दिसते याची नोंद ही व्यवस्था बऱ्याच अंशी नेटकेपणाने घेते. खेळ मुलाकडून काय करवून घेतो, हे मात्र वयोगट ठरवताना पुरेसे विचारात घेतले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

उगम

‘मॉर्टल कॉम्बॅट’मधील रक्तपात आणि ‘नाइट ट्रॅप’मधील तरुणींवरील हल्ल्यांची दृश्ये यांवरून अमेरिकेत वादंग उठले. ९ डिसेंबर १९९३ रोजी जोसेफ लिबरमन व हर्ब कोल या सिनेट सदस्यांच्या पुढाकाराने सुनावणी झाली. उद्योगाने स्वतःहून मानांकन सुरू न केल्यास कायदा करावा लागेल, असा इशारा तीत होता. त्यानंतर १९९४ मध्ये उद्योगाच्या संघटनेने ईएसआरबीची स्थापना केली. दृश्य हिंसेविरुद्धच्या तक्रारीतून जन्मलेल्या मंडळाने दृश्यांनाच प्रमुख निकष मानले, यात नवल नाही.

कार्यपद्धती

मंडळाची प्रमुख मानांकने अशी आहेत : ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ई १०+’ म्हणजे दहा वर्षांवरील मुलांसाठी, ‘टी’ तेरा वर्षांपासून, ‘एम’ सतरा वर्षांपासून आणि ‘एओ’ अठरा वर्षांवरील प्रौढांसाठी. त्यांच्या जोडीला रक्त, अपशब्द, मद्य इत्यादी आशयाची वर्णने दिली जातात. दुकानात विकल्या जाणाऱ्या खेळासाठी प्रकाशक एक प्रश्नावली भरतो आणि खेळातील तीव्रतम प्रसंगांची चित्रफीत पाठवतो. किमान तीन परीक्षक ती पाहून शिफारस करतात. मानांकनासाठी ते स्वतः खेळ खेळत नाहीत. एकेक खेळ कित्येक तास चालतो आणि प्रत्येक खेळाडूची वाट वेगळी असते, हे लक्षात घेता ही सोय समजण्यासारखी आहे. तथापि मानांकन हे मूलतः निर्मात्याच्या कथनावर आधारलेले असते, हे त्यामुळे विसरता येत नाही.

केवळ इंटरनेटवरून मिळणाऱ्या खेळांबाबत हे अधिकच खरे आहे. तेथे आयएआरसी या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची प्रश्नावली निर्माता भरतो आणि उत्तरांवरून संगणक तत्काळ वयोगट ठरवतो. गूगल प्लेने २०१५ मध्ये ही पद्धत स्वीकारली. त्यामुळे महाराष्ट्रातील पालकाला मोबाइलवर दिसणारे ‘३+’ किंवा ‘१२+’ हे आकडेही याच प्रक्रियेतून आलेले असतात.

दोन उदाहरणे

कथनावर विसंबण्याची मर्यादा २००५ मध्ये उघड झाली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या खेळाच्या तबकडीत एक लैंगिक प्रसंग कुलूपबंद अवस्थेत राहिला होता. बाहेरच्या हौशी मंडळींनी तो खुला करण्याची युक्ती प्रसृत केली. जुलै २००५ मध्ये मंडळाने खेळाचे मानांकन ‘एम’वरून ‘एओ’वर नेले. वयात फरक पडला तो केवळ एका वर्षाचा. परंतु मोठ्या दुकानांनी खेळ विक्रीतून काढून टाकला. पुढे तबकडीत दडलेल्या आशयाचीही माहिती देणे मंडळाने बंधनकारक केले. दृश्याच्या बाबतीत मंडळ किती कठोर होऊ शकते, हे येथे दिसले.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. ‘फिफा’ मालिकेतील फुटबॉलच्या खेळांना ‘ई’ मानांकन मिळत असे. त्यांत खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटे खरे पैसे देऊन घेता येत. आत काय निघेल हे आधी कळत नसे. अशा रचनांना ‘लूट बॉक्स’ म्हणतात. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकाने त्यांना बेकायदा जुगार ठरवले. ईएसआरबीने त्याच वर्षी खेळांतर्गत खरेदीची आणि २०२० मध्ये यदृच्छेने मिळणाऱ्या वस्तूंची सूचना जोडली. सूचना आली, पण ‘ई’ कायम राहिले. एक दृश्य वयोगट बदलू शकते, पैशांचा मोह दाखवणारी यंत्रणा मात्र तो बदलू शकत नाही, ही विसंगती या व्यवस्थेच्या मर्मावर बोट ठेवते.

प्रतिवादाचा विचार

ही व्यवस्था निष्फळ आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेल्या गुप्त पाहणीत २००० मध्ये ८५ टक्के अल्पवयीनांना ‘एम’ खेळ विकत मिळाले होते. २०११ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला आणि ऐच्छिक मानांकनाची उपयुक्तता नमूद केली. परंतु दुकानदाराने मानांकन पाळणे ही एक गोष्ट आणि मानांकनाने योग्य ते मोजणे ही दुसरी. पहिल्यातील यशाने दुसऱ्यातील उणीव भरून निघत नाही.

समारोप

ही उणीव दूर करणे अशक्य नाही. जर्मनीतील यूएसके या मंडळाने जानेवारी २०२३ पासून खरेदीचे दडपण आणि लूट बॉक्स यांसारख्या बाबी वयोगट ठरवताना विचारात घेण्यास प्रारंभ केला. चित्रपटाचा प्रेक्षक पाहतो, खेळाडू कृती करतो; म्हणून चित्रपटाच्या नजरेने केलेले खेळाचे मानांकन अपुरेच राहणार. तोपर्यंत पालकाने वेष्टनावरील अक्षराला निर्मात्याची तपासलेली साक्ष मानावे, निवाडा मानू नये. आणि मूल त्या खेळात काय पाहते याबरोबरच काय करते, किती वेळ करते व कशासाठी पैसे मागते, हेही स्वतः विचारावे.