एकोणीस पैशांची उधारी

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. विद्यापीठात काय शिकवावे याविषयी मी बोलणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण माझा एक जुना विद्यार्थी दिल्लीला आधुनिक चीनचा इतिहास शिकतो. गेल्या सुट्टीत त्याने आपली वही मला दाखवली. चीनमधील शतकानुशतके चालत आलेली सरकारी परीक्षापद्धती १९०५ साली बंद झाली, या नोंदीखाली एवढेच लिहिले होते : ‘उदाहरण – लू शुन यांची खुंग यीजी ही कथा.’ कथा मी मागून घेऊन वाचली, आणि तो ‘उदाहरण’ शब्द मला खटकू लागला.

१९१९ ची ही कथा. पुढच्याच वर्षी लू शुन पेकिंग विद्यापीठात चिनी कथावाङ्मयाचा इतिहास शिकवू लागले. कथेतला खुंग जन्मभर पोथ्या घोकूनही परीक्षेची पहिली पायरी चढू शकलेला नाही. अंगात विद्वानाचा लांब झगा, पण दारू प्यायची ती मजुरांत उभे राहून. पोटासाठी पुस्तके चोरतो, मार खातो, आणि शेजारची पोरे जमली की बडीशेपेच्या चवीच्या मोजक्या घेवड्यांतून एकेक दाणा त्यांच्या हातावर ठेवतो. शेवटी चोरीपायी त्याचे पाय मोडले जातात. मोडणारा कोण? वरची परीक्षा उत्तीर्ण झालेला गृहस्थ!

परीक्षापद्धतीचे हे वाभाडे खरेच. पण दोष सारा पद्धतीवर टाकला, की दुकानात हसणारे सगळे सुटतात. लू शुन त्यांना सोडत नाहीत. कथा सांगणारा आहे दारू गरम करणारा बारा वर्षांचा पोऱ्या. खुंग त्याला एक अक्षर चार तऱ्हांनी लिहून दाखवू पाहतो, तर हा तोंड फिरवतो. भिकाऱ्याने आपली परीक्षा घ्यावी म्हणजे काय! वीस वर्षांनी हकिगत सांगतानाही त्याच्या तोंडून हळहळीचा शब्द निघत नाही. खुंगचे घर, त्याची माणसे, यांचा पत्ता नाही. आधी मला हे कथेचे उणेपण वाटले. मग उमगले, की हसणाऱ्याने ते कधी विचारलेच नव्हते. मालकाला आठवण राहते ती फळ्यावरच्या एकोणीस पैशांच्या उधारीची.

वाचकहो, परीक्षा १९०५ साली बंद झाली, हसणे नाही. निकालाच्या दिवशी नापास मुलाचे नाव घेतले की माझ्या वर्गातही खसखस पिकते. एकदा मीच कोटी केली होती. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही, आणि मी त्याच्या घरी गेलो नाही.

विद्यापीठांनी ही कथा जरूर शिकवावी. पण उदाहरण म्हणून नव्हे. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत मी तो शब्द खोडला आणि त्या जागी लिहिले, ‘उधारी’.