तीस सेकंदांत कांदा परतत नाही

रेसिपीचं रील हा एक स्वतंत्र प्रकार आहे, कथा किंवा कविता असते तसा. त्याची ठरलेली सुरुवात असते (तयार पदार्थाचा मोडलेला तुकडा, आतून ओघळणारं चीज), ठरलेला मध्य असतो (सटासट कापलेले शॉट्स, तेलात पडणाऱ्या जिऱ्याचा आवाज) आणि ठरलेला शेवट असतो (पहिला घास, मिटलेले डोळे). आपण दिवसातून अशी वीस-तीस रील्स बघतो, पण त्यांच्याबद्दल बोलताना ‘भारी’ किंवा ‘फालतू’ यापलीकडे जात नाही. इतकं बघितलं जाणारं काहीही समीक्षेतून सुटू नये, असं मला वाटतं. आणि समीक्षा करायची तर रील काय दाखवतं यापेक्षा काय कापतं, इथून सुरुवात करावी लागते.

डालगोना कॉफी आठवा. जानेवारी २०२० मध्ये जंग इल-वू या कोरियन अभिनेत्यानं एका टीव्ही कार्यक्रमात मकाऊच्या कॅफेतली फेटलेली कॉफी चाखली आणि तिची तुलना डालगोना या कोरियन साखरेच्या मिठाईशी केली. मार्च-एप्रिलमध्ये जग घरात कोंडलं गेलं आणि ही कॉफी सगळीकडे पोचली. इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी समप्रमाणात घेऊन फेटायचं, एवढीच कृती. गंमत म्हणजे हे आपल्याकडे आधीपासून होतं. कपात कॉफी-साखर चमच्यानं घोटून वर गरम दूध ओतायची पद्धत भारतातल्या कितीतरी घरांत आहे. फरक एवढाच, की आपल्या कॉफीत फेस दुधात मिसळून जातो आणि डालगोनात तो पांढऱ्या दुधावर तपकिरी थर होऊन बसतो. पारदर्शक ग्लासात दोन रंग स्वच्छ दिसतात. चवीत फार अंतर नाही, अंतर आहे ते फोटोत. आपली फेटलेली कॉफी व्हायरल झाली नाही, कारण ती पिण्यासाठी होती.

दिसण्यानुसार निवड होऊ लागली की काय गळतं? पहिल्यांदा गळतो वेळ. कांदा-खोबऱ्याच्या वाटणासाठी कांदा नीट खरपूस व्हायला मंद आचेवर चांगला वेळ लागतो, मध्ये मध्ये हलवत उभं राहावं लागतं. रीलमध्ये पांढरा कांदा, कट, तपकिरी कांदा. ही लबाडी रीलनं शोधलेली नाही, हेही खरं. २०१२ मध्ये टॉम स्कोका या अमेरिकन लेखकानं ‘स्लेट’मध्ये लिहिलं होतं, की पाककृती लिहिणारे कांदा परतायचा वेळ सर्रास कमी सांगतात. पण छापील कृतीत निदान ‘मंद आचेवर’ एवढे शब्द तरी असायचे. रीलमध्ये तेवढीही जागा उरलेली नाही.

याचा फटका कुणाला बसतो? माझ्यासारख्यांना, म्हणजे पीजीच्या खोलीत एका इंडक्शनवर स्वयंपाक शिकलेल्यांना. शेजारी उभं राहून ‘अजून होऊ दे, कच्चा आहे’ म्हणणारं कुणी नसतं. आमटी पांचट झाली, की आपण रीलला दोष देत नाही, ‘मला जमतच नाही’ म्हणतो आणि ऑर्डर करतो.

हेच एकटेपण पन्नास वर्षांपूर्वीही होतं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं, तेव्हा लग्न करून शहरात आलेल्या, सासू-आई जवळ नसलेल्या मुलींना त्याचा आधार वाटला. कमलाबाईंना ‘एक लाख सुनांची सासू’ म्हटलं गेलं ते उगाच नाही. त्यांचं मोठं काम म्हणजे प्रमाण. वाटी आणि चमचा ही घरात असतातच अशी मापं घेऊन त्यांनी ‘अंदाजे’ या शब्दाची दहशत घालवली. प्रमाण कळलं, की स्वयंपाक करणारी स्वतंत्र होते. पुढच्या वेळी तिला पुस्तकही लागत नाही.

आता रीलखालची ओळ वाचा : ‘कमेंटमध्ये रेसिपी लिहा, डीएम करते.’ इथे प्रमाण मुद्दाम लपवलं जातं, कारण कमेंट वाढल्या की रील आणखी लोकांपर्यंत जातं. कमलाबाईंनी जे देऊन टाकलं, ते इथे गळाला लावलेलं आमिष आहे. क्रिएटर वाईट असतात असं मी म्हणत नाही. पोटापाण्यासाठी त्यांना रोज काहीतरी टाकावं लागतं, आणि ज्या व्यवस्थेत ते काम करतात तिला तुम्ही स्वयंपाक शिकण्यात रस नाही. तुम्ही पुन्हा परत यावं, एवढंच तिला हवं.

व्हिडिओत पुस्तकाला न जमणारी ताकद आहे, हे मान्यच करायला हवं. एकतारी पाक म्हणजे काय, पुरणात उलथनं उभं राहतं म्हणजे नेमकं कसं, उकडीच्या पारीला कळ्या कशा पाडायच्या, हे शब्दांत सांगणं कठीण. दोन बोटांमध्ये पाकाची तार ओढलेली दिसली, की क्षणात उलगडतं. मराठीत दहा-बारा मिनिटांचे, माप सांगणारे, ‘इथे घाई करू नका’ म्हणणारे व्हिडिओ भरपूर आहेत आणि त्यांनी परदेशातल्या, परगावातल्या कितीतरी मराठी मुलामुलींना भाकरी थापायला शिकवलंय. म्हणून माझी तक्रार कॅमेऱ्याविषयी नाही, कात्रीविषयी आहे.

दुसरी गोष्ट गळते ती म्हणजे कष्ट. ‘गावरान’ हा शब्द आता एक शैली झालाय : चूल, पाटा-वरवंटा, नऊवारी, मागे हिरवं शेत. यातल्या काही आज्या खरोखर निष्णात आहेत आणि उतारवयात त्यांच्या हाताला मिळालेली दाद बघून आनंद होतो. पण या चौकटीत चुलीची ऊब दिसते, धूर दिसत नाही. सरपण कुणी आणलं, पाणी कुठून आलं, पंगत उठल्यावर भांडी कुणी घासली, हे कधीच फ्रेममध्ये येत नाही. ज्या बाईला चुलीपुढे आयुष्य काढावं लागलं, तिला गॅस आल्यावर सुटल्यासारखं वाटलं असेल. आपण मात्र गॅसवर नूडल्स उकळत तिच्या चुलीला लाइक देतो.

तिसरी गळती सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत कमी बोलली जाणारी. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावानं इंग्रजीत गेलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाचं खाणं त्यात आहे : वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, तेलातुपाची चैन नसलेल्या घरात जिभेला चव देणाऱ्या युक्त्या. ‘पूर्णब्रह्म’ला अपूर्ण म्हणणारं ते शीर्षकच एक प्रश्न विचारतं : ज्याला आपण महाराष्ट्रीय जेवण म्हणतो, ते नेमकं कुणाचं जेवण? हा प्रश्न ‘रुचिरा’लाही लागू होतो, कारण तिचं स्वयंपाकघर मुख्यतः मध्यमवर्गीय आहे. पण पुस्तकाला हद्द असते, दुसरं पुस्तक त्याच्याशेजारी उभं राहू शकतं. फीडमध्ये जे एकदा चाललं तेच पुन्हा समोर येतं. मग ‘अस्सल महाराष्ट्रीय’ म्हटलं की मोदक, पुरणपोळी, मिसळ आणि तांबडा-पांढरा एवढंच उरतं. हुलग्याचं माडगं करडं दिसतं, अळूचं फदफदं तर नावापासूनच हरलेलं. आणि काही पदार्थ तर घरात कॅमेरा असूनही दाखवले जात नाहीत, कारण खाली काय कमेंट येतील हे त्या घराला आधीच ठाऊक असतं.

म्हणून रेसिपी बघताना मी आता तीन गोष्टी तपासते. वेळ सांगितलाय का? माप दिलंय का? हा पदार्थ कुठून, कुणाकडून आला, याचा उल्लेख आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असलेला व्हिडिओ बहुतेकदा लांब असतो, जरा कंटाळवाणा असतो, आणि त्यात कुणीतरी शांतपणे कांदा हलवत उभं असतं. तो पूर्ण बघा. त्यानं केलेली आमटी सहसा बिघडत नाही.