वर्धा जिल्ह्यातील जन्मदर, वार्धक्य आणि स्थलांतर : एका रूढ मीमांसेची चिकित्सा

प्रथम मृत्युमान घटते, मागाहून जननही घटते आणि लोकसंख्येची वाढ मंदावते, हा क्रम नोटस्टाइन यांच्या १९४५ च्या मांडणीपासून अभ्यासक्रमांत रूढ झाला आहे. समाज वयस्क होतो तो मुख्यतः आयुर्मान वाढल्यामुळे नव्हे, तर जनन घटल्यामुळे, हे कोल यांनी पुढे गणिताने दाखविले. या दोन्ही मांडण्यांत जन्म व मृत्यू हेच कर्ते आहेत. लोकसंख्या बंदिस्त असल्याचे गृहीत त्यांच्या मुळाशी आहे. राष्ट्रापुरते ते बहुधा खपून जाते. जिल्ह्यापुरते मात्र ते टिकत नाही.

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १२,३६,७३६ व २०११ मध्ये १३,००,७७४ होती. म्हणजे दशकातील वाढ जेमतेम ५ टक्के. त्याच काळात राज्याची वाढ सुमारे १६ टक्के. एवढी तफावत केवळ कुटुंबनियोजनाच्या पदरी टाकता येणार नाही. रेल्वे, सरकी काढण्याचे कारखाने आणि हिंगणघाट-पुलगावच्या कापडगिरण्या यांमुळे एके काळी माणसे ओढून घेणारा हा जिल्हा आता आपले तरुण नागपूर, बुटीबोरी व पुणे यांच्याकडे धाडतो.

याचा परिणाम समजण्यास साधा हिशेब पुरे. एक हजार वस्तीचे गाव कल्पावे. त्यात १२० वृद्ध, आणि वर्षाला १६ जन्म. गावातील २०० तरुण स्त्रीपुरुष निघून गेले व जन्म ८ वर आले, तर जन्मदर हजारी १६ वरून १० वर येईल आणि वृद्धांचा वाटा १२ टक्क्यांवरून १५ टक्के होईल. एकही वृद्ध वाढलेला नाही. कोणाही स्त्रीने एकही अपत्य कमी होऊ दिलेले नाही. ढोबळ जन्मदर घटला की जननवर्तन बदलले, असे म्हणण्याची सवय येथे उघडी पडते. त्यासाठी दर स्त्रीमागील जननदरच पाहावा लागतो. महाराष्ट्राचा तो दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता. अर्थात जननवर्तन खरोखरच बदलले आहे; परंतु त्या बदलाचा वाटा किती आणि वयोरचनेचा किती, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

कोकणाचा नमुना येथे जसाच्या तसा लावणेही चुकीचे ठरेल. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, वर्ध्यात ९४६. कोकणात पुरुष मुंबईस व पत्नी गावी, हा दांपत्यविरह जनन रोखीत असे. वर्ध्याकडे तसे चित्र नाही. येथे मुली लग्नाने बाहेर जातात, शिकलेले मुलगे नोकरीने, आणि पुष्कळदा संसारच उचलला जातो. मागे शेती करणाऱ्या तरुणास वधू मिळेनाशी होते; विवाह लांबतो, जन्म आणखी घटतात. बहिर्गमनाचा हा दुसरा फेरा पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत कोठेच आढळत नाही.

नोंदींचाही एक सापळा आहे. १९६९ च्या कायद्यान्वये जन्म जेथे घडतो तेथे त्याची नोंद होते. सेवाग्राम व सावंगी येथील मोठ्या रुग्णालयांत शेजारच्या जिल्ह्यांतील स्त्रियाही प्रसूत होतात. शिवाय पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते. मातेचा नेहमीचा निवास वेगळा काढल्यावाचून या नोंदींवरून काढलेला तालुक्याचा जन्मदर फसवा ठरतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००० मधील अहवालाने घटत्या व वयस्क लोकसंख्येची भरपाई स्थलांतराने होईल काय, याचा आठ देशांपुरता विचार केला. कर्त्या वयाच्या व वृद्ध माणसांचे प्रमाण कायम राखण्यास लागणारी स्थलांतरितांची संख्या अशक्यप्राय आहे, हा त्याचा निष्कर्ष ग्राह्यच आहे. तथापि विचार झाला तो घेणाऱ्यांच्या बाजूने. देणाऱ्या प्रदेशाची वयोरचना त्या हिशेबात येत नाही. पुण्याचे वार्धक्य ज्या तरुणांमुळे लांबते, त्यांचेच जाणे आर्वी-आष्टीकडील गावांचे वार्धक्य जवळ आणते.

ही चिकित्सा केवळ तात्त्विक नाही. सपाट प्रदेशात ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष डोकी मोजतो, वये मोजीत नाही. तरुण गेल्याने ज्या तालुक्याची वस्ती थबकते, त्याचा नव्या केंद्रावरील हक्क दुबळा होतो, आणि नेमके तेथेच औषधपाण्याची गरज असणारे मागे उरतात. त्यातच २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे जिल्ह्याची वये २०११ च्या आकड्यांवरूनच पुढे ओढली गेली. आणि ज्या दशकात माणसे सर्वाधिक हलतात, त्याच वयोगटाचा अंदाज अशा पद्धतीत सर्वात कच्चा असतो.